एका न वाढलेल्या सुळ्याची कैफियत

मी सुळा बोलतोय. वरच्या रांगेतला, डावीकडचा. माझे मालक कुंडलिकराव डुंबरे, वय चौसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. तोंडात बोलायचं सगळं काम जीभ करते आणि त्याचा तोराही तीच मिरवते. मी बावन्न वर्षांत पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा पाच मिनिटं मला द्या.

मला कान नाहीत. पण मी हाडात रुतलेला आहे आणि हाडातून सगळं ऐकू येतं. बघण्याचं म्हणाल, तर मालकांचं तोंड दिवसातला बराच वेळ उघडं असतं. त्यामुळे जग मी पोटभर पाहिलंय.

माझा जन्म कल्याणजवळच्या मोहन्याचा. मालकांचे वडील, म्हणजे दादा, ओतूरहून तिथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि चाळीत बिऱ्हाड केलं. माझ्या जागी आधी दुधाचा सुळा होता. तो पडला तेव्हा मालकांच्या आईनं तो शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकला होता. मग मी निघालो, तोही उशिरा, मालकांच्या बाराव्या वर्षी. तोवर शेजारपाजारच्या दातांनी ऐसपैस जागा अडवली होती. मला थोडं बाहेर अंग काढूनच उभं राहावं लागलं. ही बाहेर उभं राहायची खोड पुढे मला फार महाग पडली.

आता हिरडीबद्दल सांगतो, कारण गोष्ट खरं म्हणजे तिची आहे. गळ्यापर्यंत गोधडी ओढून घ्यावी तशी ती माझ्याभोवती होती. गुलाबी आणि घट्ट. लोकांना वाटतं दात म्हणजे सगळाच दगड. तसं नसतं हो. कडक कवच असतं ते फक्त दिसणाऱ्या भागाला. हिरडीखालचं आमचं अंग नाजूक असतं, रंगानं पिवळसर असतं आणि त्याला गारगरम सगळं कळतं. ते झाकून ठेवायचं काम हिरडीचं. ती ते काम करते आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलत नाही. मला तिच्याबद्दल माया आहे, हे मी आत्ताच सांगून टाकतो. नंतर रागाच्या भरात राहून जायचं.

तरुणपणी मी पुष्कळ पराक्रम केले. ऊस सोलायचा तर मी, सोड्याच्या बाटलीचं बूच उडवायचं तर मी, वायरचं प्लास्टिक सोलायचं तरी मीच. लग्नात घास घेताना मालकांनी रंगूबाईंच्या बोटाला जो चावा घेतला तोही माझाच. त्याबद्दल मी अजून शरमिंदा आहे.

मालक पुढे वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूममध्ये लागले आणि पस्तीस वर्षं तिथं ग्राइंडरवर उभे राहिले. लोखंडाचा तुकडा घासून घासून इतका सपाट करायचा की त्यात आपलं तोंड दिसावं, असं ते काम. नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, ‘इथं केसाच्या दहाव्या भागाइतका उंचवटा आहे.’ आणि मोजलं की तेवढाच निघायचा. सगळा शॉप, म्हणजे तिथला अख्खा कामगारवर्ग, त्यांना वचकून असायचा.

हे झालं कारखान्यातलं. घरी मात्र या माणसाच्या हाताला मोजमाप नाही. नळ बंद करतील तो असा, की पुढच्या माणसानं हात टेकले पाहिजेत. महिन्याला एक वॉशर जातो. बरणीचं झाकण लावतील ते असं, की रंगूबाई ते कधीच उघडू शकत नाहीत. लोणचं पाहिजे असेल तर त्या बरणी घेऊन शेजाऱ्यांकडे जातात. शेजारी दमले की वरच्या मजल्यावर. एकदा वॉचमनपर्यंत गेल्या होत्या.

“अहो, एवढं कशाला आवळता?” त्या म्हणायच्या.

“हवा शिरते,” मालक म्हणायचे.

“कारखान्यात तर म्हणे तुमचा हात फुलासारखा चालायचा.”

“तिथं जोर मशीनचा असतो. घरात आपला लावायला लागतो.”

अडतीस वर्षांच्या संसारात हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय, की झाकण फिरायला लागलं की तो मलाच पाठ म्हणता येतो.

आता अशा माणसाच्या हातात दात घासायचा ब्रश दिल्यावर काय होणार, ते तुम्हीच सांगा. ब्रश घ्यायचा तो सगळ्यात कडक. मऊ ब्रश दुकानदारानं दाखवला की मालक त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्यानं त्यांना बायकी पावडरीचा पफ दाखवलाय. ब्रशवर लाल दंतमंजन, रविवारी वरून मीठ. उजव्या हातात ब्रश धरला की पहिला तडाखा डाव्या बाजूला बसतो, आणि तिथं आधीच बाहेर अंग काढून कोण उभं? मी. मग करवत चालवावी तसं आडवं, खसाखसा, मोजून आठ मिनिटं. पंधरा दिवसांत ब्रशचे केस चहूकडे फाकायचे. तो ब्रश टाकताना मालक कौतुकानं म्हणायचे, “बघ, काम केलंय यानं.”

काम झालं होतं, पण कसलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. हिरडी मागे सरायला लागली होती. एका दिवसात नव्हे. वर्षाला सुईच्या टोकाएवढी. ना रक्त, ना सूज, ना ठणका. ती नुसती एकेक पाऊल वर वर सरकत होती आणि माझं नाजूक अंग उघडं पडत होतं.

आणि इथून आमचा खरा फेरा सुरू झाला. माझं पिवळसर अंग उघडं पडलं, ते मालकांना आरशात दिसलं. त्यांना वाटलं, कीटण साचलं! म्हणून त्यांनी तिथं आणखी जोर लावला. जोर लावला म्हणून हिरडी आणखी सरली, आणि सरली म्हणून आणखी पिवळं दिसलं. मी आतून ओरडत होतो, ‘अहो, तो मळ नाही, तो मी आहे!’ पण आमची ओरड म्हणजे काय, तर कळ. थंड पाणी लागलं की मी अशी सणक पाठवायचो की मालकांचा डावा डोळा मिटायचा. मग त्यांनी फ्रिजचं पाणी सोडलं, उसाचा रस सोडला, आमरस कोमट करून प्यायला लागले. ब्रश काही सोडला नाही.

रिटायर झाल्यावर मालकांना वेळ मिळाला. रिटायर माणसाला वेळ मिळणं हे घरच्यांना जितकं जड जातं तितकंच दातांनाही जातं. एके दिवशी सकाळी ते आरशासमोर उभे राहिले, ओठ वर केला आणि माझ्याकडे टक लावून बघत बसले.

“अगं ए,” त्यांनी हाक मारली, “माझा सुळा वाढतोय.”

“या वयात दात वाढतात होय?” स्वयंपाकघरातून रंगूबाई म्हणाल्या.

“उंदराचे वाढतात.”

“मग तुम्ही काय उंदीर का?”

यावर मालकांनी पेटीतून व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे लोखंडी चिमट्यासारखं मोजायचं हत्यार, मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा सांगतं. त्याचा एक जबडा त्यांनी हिरडीच्या कडेला लावला, दुसरा माझ्या टोकाला. बारा पॉईंट एक. ते त्यांनी डायरीत लिहिलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजलं. असं एकेचाळीस महिने! दिवाळी असो, ताप असो, एक तारखेला सकाळी सात दहाला व्हर्नियर तोंडात. एकेचाळिसाव्या महिन्यात आकडा होता तेरा पॉईंट नऊ. मालकांनी आलेखाच्या कागदावर रेघ ओढली आणि हिशेब काढला, की ऐंशीव्या वर्षी हा सुळा ओठाबाहेर लोंबणार.

आता मला सांगा, मी खरंच वाढलो असतो तर तोंड मिटल्यावर आधी खालच्या दातांवर आपटलो नसतो का? भाकरी चावताना अडसर झाला नसता का? एवढा साधा विचार. पण हातात हत्यार आणि समोर आकडा आला, की भल्या भल्या माणसांचा साधा विचार बंद पडतो.

हसणं मात्र त्यांनी खरंच बंद केलं. खालच्या कट्ट्यावर कोणी विनोद केला की मालक रुमाल तोंडाशी नेत. रंगूबाईंच्या ते ध्यानात आलं होतं. मालक कट्ट्यावरून आले की त्या चहात एक चमचा साखर जास्त घालायच्या. मला गोड लागायचं, पण बरं वाटायचं नाही.

मग मालकांनी तो निर्णय घेतला. ज्याचं माप जास्त, ते घासून कमी करायचं. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

स्कूटर काढून ते वागळे इस्टेटला निघाले. शीळफाट्याच्या कोंडीत दीड तास गेला. त्या वेळात मालक हेल्मेटची काच वर करून पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या देत होते आणि वारा थेट माझ्या उघड्या अंगावर येत होता. दगडू म्हणून त्यांचा जुना सोबती आहे, त्यानं आता तिथं स्वतःचा लहानसा गाळा घेतलाय. मालकांनी त्याच्याकडे हिऱ्याची बारीक कानस मागितली.

“कुठल्या जॉबला पाहिजे?” दगडूनं विचारलं.

मालकांनी तोंड उघडून मला दाखवलं.

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर घाबरला तरी असता. पण दगडूही त्याच मुशीतला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, जवळ येऊन मला नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “किती काढायचंय?”

“दोन मिलिमीटर. एकदम नाही. हप्त्याहप्त्यानं.”

“तापेल ना रे, कुंड्या. कूलंट काय घेणार?”

“थुंकी आहे की.”

“हां, ते झालंच.” दगडूनं कानस कापडात गुंडाळली, आणि मग थांबून विचारलं, “मोजलंयस कुठून?”

मालकांचा आवाज चढला. “दगड्या, तू मला मोजायला शिकवणार? अठ्ठ्याण्णव साली अख्खा लॉट कोणी वाया घालवला होता?”

दगडूनं कानस पुढे केली. त्या वर्षी त्यानं मोजायची सुरुवात चुकीच्या बाजूपासून केली होती. ज्या बाजूपासून मोजायचं ती बाजू जागची हलता कामा नये. तिला हे लोक डेटम म्हणतात. दगडूचा डेटम हलला होता आणि दोनशे तुकडे भंगारात गेले होते. तेव्हा मालक त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. मला वाटतं, दगडूला त्या दिवशी खरं कळलं होतं. पण अठ्ठ्याण्णव सालानं त्याचं तोंड धरलं.

रविवारी सकाळी गॅलरीत, चांगल्या उजेडात, मालकांनी माझ्यावर कानस चालवली.

दुखलं नाही. टोकाच्या कवचाला दुखत नसतं. पण बावन्न वर्षांत मी कशालाही भ्यालो नव्हतो, त्या दिवशी भ्यालो. कर्र कर्र असा आवाज हाडातून येत होता आणि माझीच पूड जिभेवर पडत होती. जीभ, जी एरवी कधी गप्प नसते, ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पॉईंट चार मिलिमीटर गेले. माझं टोक गेलं. दाताचं टोक नखासारखं परत येत नाही, हे मालकांना कोण सांगणार?

मोजलं. तेरा पॉईंट पाच. मालक खूश झाले, शिरा करायला सांगितला. महिन्याभरानं पुन्हा मोजलं. तेरा पॉईंट सहा.

“अगं, इतकं काढलं तरी वाढतोच आहे!”

“मग डॉक्टरला दाखवा.”

“डॉक्टर काय करणार? उपटणार. आमच्या दादांचे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सगळे उपटले. कवळी बसवली. शेवटपर्यंत माणूस काय बोलतोय ते कळलं नाही आम्हाला. गेले तेव्हासुद्धा काहीतरी सांगत होते.” मालकांनी डायरी मिटली. “नाही समजलं.”

रंगूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्यांना हे अडतीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण माझी साक्ष कोण काढतो?

“येत्या रविवारी एकदमच दोन मिलिमीटर काढून टाकतो,” मालक म्हणाले. “म्हणजे चार वर्षांची बेगमी झाली.”

दोन मिलिमीटर म्हणजे माझं कवच संपून आतला जीव उघडा पडणार. मग पू, मग गाल फुगणार, आणि मग खरंच उपटणं. दात वाचवायला निघालेला माणूस दाताचाच घात करणार होता आणि तो आठवडा मी रोज घास चावत मोजला. शनिवारच्या वाटाण्याच्या उसळीला मला चव लागली नाही.

रविवार आला. गॅलरीत स्टूल, स्टुलावर आरसा, शेजारी व्हर्नियर, कापडावर कानस. मालक बसले, ओठ वर केला, कानस टेकवली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि दाराची बेल वाजली. दार उघडंच होतं बहुतेक, कारण लगेच आवाज आला.

“काका! कानस खाली ठेवा!”

दारात एक तिशीतली बाई उभी होती. अंगात घरचे कपडे, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. मागे रंगूबाई, जिना चढून धापा टाकत.

झालं होतं असं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीच्या शेजारी, डॉक्टर क्षिप्रा यांचा दातांचा दवाखाना आहे. राहतात त्या दवाखान्याच्या मागच्याच खोल्यांत. त्या सकाळी शेजारी गावाला, वरच्या मजल्यावर कुलूप, वॉचमन नाश्त्याला. म्हणून रंगूबाई बरणी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्यानंही झाकण हलेना. फडकं लावून झालं, गरम पाण्यात धरून झालं.

“आवळतं कोण हे एवढं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमचे हे. त्यांचं सगळं असंच. दातसुद्धा असेच घासतात. आता तर कानशीनं घासायला बसलेत वर.”

“कशानं?”

“कानशीनं. लोखंड घासतात ती.”

यानंतर डॉक्टर बरणीसकट तीन मजले धावत आल्या. ही हकीकत रंगूबाईंनी पुढे इतक्या लोकांना सांगितली, की मला तोंडपाठ आहे.

मालकांना तसंच खाली नेण्यात आलं. खुर्चीत बसले ते डायरी छातीशी धरून. “ताई, माझ्याकडे पुरावा आहे,” ते म्हणाले. “त्रेचाळीस रीडिंग आहेत.”

डॉक्टरांनी सगळी पानं पाहिली. अगदी मन लावून पाहिली, त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. मग त्यांनी एक बारीक सळई काढली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. मालकांचे डोळे चमकले.

“गेज आहे? कॅलिब्रेट कधी केलेलं?”

“काका, आ करा.” सळई माझ्या गळ्याशी फिरली. हलकी, इतकी हलकी की मला आधी कळलंच नाही. “चार मिलिमीटर. बरं, आता मला सांगा, तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजता?”

“हिरडीपासून टोकापर्यंत.”

डॉक्टरांनी त्यांच्या हातात आरसा दिला. “हिरडी विसरा. खालची टोकं बघा फक्त. उजवा सुळा, डावा सुळा. कोण लांब आहे?”

मालकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं.

“डावा,” ते हळूच म्हणाले, “डावा उलट आखूड आहे.”

“तो तुम्ही कानसलात म्हणून. सुळा वाढलाच नाही, काका. हिरडी वर गेलीये. तुम्ही जिथून मोजत होतात ना, तीच जागा सरकत होती.”

मालकांच्या जबड्यातून एक बारीक थरथर माझ्यापर्यंत आली. इतकी वर्षं मी त्यांचा राग ओळखतो, भूक ओळखतो, हे काही वेगळं होतं. लाज होती ती.

“डेटम हलला,” ते म्हणाले. “ताई, माझा डेटम हलला होता.”

डॉक्टरांना ते काय कळणार? पण मालकांनी तिथूनच दगडूला फोन लावला. “दगड्या, डेटम हलला होता माझा. त्रेचाळीस वेळा.” दगडू इतका हसला, की फोनमधून त्याचा आवाज माझ्या मुळापर्यंत आला. हसून झाल्यावर म्हणाला, “कूलंट वापरलंस ना पण?”

पुढचं सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. सरकलेली हिरडी आपोआप परत खाली येत नाही. पण आणखी सरकणं थांबवता येतं, आणि जिथं जास्त सरकली आहे तिथं टाळूचा पातळ पापुद्रा काढून शिवता येतो.

“पॅच,” मालक म्हणाले. “मटेरियल कुठलं?”

“तुमचंच.”

“म्हणजे मॅचिंग होणार.”

“होईल. पण आत्ता नाही. आधी हात सुधारा. हाच हात राहिला तर मी शिवलेलंही तुम्ही महिन्यात घासून काढाल.” त्यांनी एक मऊ ब्रश दिला. “ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा आणि हिरडीकडून दाताकडे अलगद उतरवायचा. आडवा नाही. दाब दीडशे ग्रॅमच्या आसपास, बस.”

दीडशे ग्रॅम हा आकडा मिळाला आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यांनी रंगूबाईंचा स्वयंपाकघरातला काटा काढला, पीठ मोजायचा. त्यावर ब्रश टेकवला आणि नेहमीच्या हातानं दाबला. काट्यावर आकडा आला नऊशे चाळीस.

“अर्धा किलो डाळीत माझं आठवड्याचं वरण होतं,” रंगूबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही किलोभर वजन रोज त्या बिचाऱ्या दातावर ठेवत होतात?”

‘बिचारा’ हा शब्द माझ्यासाठी कोणीतरी पहिल्यांदा वापरला. मला भरून आलं.

मालक रोज सकाळी काट्यावर सराव करायला लागले. सहाशे, चारशे, पुन्हा सहाशे. दीडशेवर हात थांबायला त्यांना तीन आठवडे लागले. “घासल्यासारखं वाटतच नाही,” असं ते कुरकुरायचे. तेव्हा रंगूबाई एकदा म्हणाल्या, “जोर लावल्याशिवाय तुम्हाला काही केल्यासारखंच वाटत नाही. पस्तीस वर्षं बोटानं केसाचा दहावा भाग ओळखलात ना? तेच बोट आहे.” दुसऱ्या दिवशी मालकांनी ब्रश मुठीत न धरता तीन बोटांत धरला.

डॉक्टरांनी रंगूबाईंनाही खुर्चीत बसवलं. “मी कुठं दात घासते? मी मिश्री लावते,” त्या म्हणाल्या. “तेच तर,” डॉक्टर म्हणाल्या. भाजलेली तंबाखू चाळीस वर्षं हिरड्यांवर चोळल्यावर काय होतं, ते त्यांनी आरशात दाखवलं. रंगूबाईंच्या हिरड्याही सरकल्या होत्या, आणि आत गालाला एक पांढुरका डाग होता. तो डाग तपासून घेतला. सुदैवानं वाईट काही निघालं नाही. पण मिश्री बंद, असं डॉक्टरांनी दरडावून सांगितलं. मालकांनी त्या दिवशी एरवीसारखं ‘मी सांगत नव्हतो?’ असं म्हटलं नाही. मला ते फार आवडलं.

दोन महिन्यांनी माझ्या गळ्याशी टाळूचा पापुद्रा शिवला. चौदा दिवस मालकांना तिखट नाही, कडक नाही, त्या बाजूला ब्रश नाही आणि ओठ ताणून बोलणं नाही. घरात इतकी शांतता झाली, की तिसऱ्या दिवशी रंगूबाईंनाच करमेना. त्या पाटीवर प्रश्न लिहून द्यायला लागल्या. बोलायची बंदी आपल्याला नाही, हे त्यांच्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

पापुद्रा धरला. चारापैकी तीन मिलिमीटर झाकले गेले, एक उघडा राहिला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. नवी हिरडी थोडी फिकट आहे, नवख्या सुनेसारखी अजून अवघडून बसते. पण परवा मालक फ्रिजमधलं ताक गटागटा प्यायले आणि त्यांचा डोळा मिटला नाही.

माझं टोक मात्र सपाट आहे ते आहेच. ऊस आता मला जमत नाही. मी रागावलोय का? होतो, काही दिवस. पण एक तारखेला मालकांनी डायरी उघडली, वर लिहिलं, ‘डेटम: शेजारच्या दाताचं टोक’, आणि मोजण्याआधी आरशात माझ्याकडे बघून, घरात कोणी ऐकत नाही अशा बेतानं म्हणाले, “चुकलं रे.” पस्तीस वर्षांत अख्ख्या शॉपनं जे ऐकलं नाही ते मी ऐकलं. मग कसला राग?

तुम्हाला एवढंच सांगतो. उद्या सकाळी आरशासमोर उभे राहाल, तेव्हा ब्रश जरा तीन बोटांत धरा. ज्याला ओरडता येत नाही त्याच्यावर हात हलका ठेवा.

काल दुपारची गोष्ट. जेवायला वरणभात होता. मालकांनी लोणचं वाढून घेतलं आणि बरणीचं झाकण दोन बोटांनी फिरवलं. रंगूबाई बघत होत्या. त्यांनी बरणी उचलली, पदरानं हात पुसले, दम धरला आणि झाकणाला हात घातला. ते पहिल्याच फिरकीला उघडलं. त्या झाकण हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या घरातलं लोणचं आपल्या हातानं उघडलं होतं. मालक हसले, रुमालाशिवाय. मी बाहेरचा उजेड पाहिला.

मग त्या आत गेल्या आणि फळीमागून आणखी एक लहान बरणी घेऊन आल्या. क्रीमची जुनी बरणी होती ती, फिरकीच्या झाकणाची. आत मिश्री होती. त्यांच्यानं ती टाकवत नव्हती, हात तर रोज तिकडं जात होता.

त्यांनी ती मालकांपुढे ठेवली.

“हिचं झाकण मात्र,” त्या म्हणाल्या, “तुमच्या जुन्या हातानं लावा.”

मालकांनी बरणी पोटाशी धरली, डोळे मिटले, आम्हा सगळ्यांना एकमेकांवर गच्च आवळलं आणि झाकण फिरवलं. त्या वेळी माझ्यावर नऊशे ग्रॅमपेक्षा जास्तच भार आला असेल. पण तेवढा मी आनंदानं सोसला.